समुद्रतळींचीं कवचें व आपल्या पावसाची जुनी नोंद

शेतकऱ्यास पावसाचा पूर्वेतिहास हवा असतो, आणि तो फारसा उपलब्ध नाहीं. पर्जन्यमापकानें घेतलेल्या नोंदी पाहूं गेल्यास साऱ्या हिंदुस्थानची सरासरी काढतां येईल इतक्या त्या १८७१ सालापासूनच मिळतात; वेधशाळांचें सरकारी खातें निघालें तेंच मुळीं १८७५ सालीं. त्यापूर्वींचें जें कांहीं आहे तें बखरींतून, दप्तरांतून व लोकांच्या तोंडीं राहिलेलें. दुर्गादेवीच्या दुष्काळाचें नांव आपण सर्वांनीं ऐकलें आहे. १६३० सालीं सुरू झालेला दुष्काळ कागदोपत्रीं आहे. १८७६ चा व १८९९ चा आपल्या पूर्वजांनीं सोसला. आणि १९७२ चा तर अद्याप पुष्कळ वाचकांच्या आठवणींतला आहे. परंतु ही सर्व मिळून सहासातशें वर्षांची, आणि तीहि तुटक, हकीकत झाली. विहीर आणखी खोल न्यावी कीं नाहीं, बागाईत वाढवावें कीं नाहीं, धरणाच्या पाण्यावर किती भरंवसा ठेवावा, असल्या प्रश्नांना दोन पिढ्यांची आठवण अपुरी पडते. पाऊस मुळांतच कमी होत चालला आहे, कीं चांगलीं व वाईट वर्षें अशीं पाळीपाळीनें नेहमींच येत आलीं आहेत, हा वाद प्रत्येक गांवच्या पारावर होतो आणि तो सुटत नाहीं. कारण मोजणीची सांखळी फार आंखूड आहे.

ही सांखळी लांब करण्याचें काम गेल्या पाऊणशें वर्षांत एका अनपेक्षित ठिकाणाहून झालें आहे. तें ठिकाण म्हणजे समुद्राचा तळ. हा विषय शेतकीच्या मासिकांत कशाला, असें कोणी विचारील. परंतु ज्या समुद्रावरून आपला पाऊस येतो आणि ज्या समुद्रास आपल्या नद्या आपली माती नेऊन देतात, त्याच्या वहींत आपला हिशेब लिहिलेला असल्यास नवल नाहीं. ही वही कशी वाचतात तें आम्ही आज सविस्तर सांगणार आहोंत.

समुद्राच्या पृष्ठभागाजवळ असंख्य सूक्ष्म एकपेशीय जीव तरंगत असतात. त्यांतील एका मोठ्या वर्गास फोरॅमिनिफेरा असें नांव आहे. मोहरीच्या दाण्याहूनहि लहान, बहुधा एक मिलिमीटरच्या आंतला हा जीव. परंतु तो आपल्याभोंवतीं चुन्याचें कवच बांधतो, आणि त्यास लागणारा सर्व माल भोंवतालच्या पाण्यांतूनच घेतो. थोडे आठवडे जगून तो मेला म्हणजे कवच तळाशीं जाऊन पडतें. त्यावर दुसरीं कवचें, त्यांत नदीनें वा वाऱ्यानें आणलेली माती, पुन्हा कवचें, असा थर चढत जातो. खोल समुद्रांत हा थर हजार वर्षांत अवघा दोनचार सेंटिमीटर वाढतो. मोठ्या नदीच्या मुखासमोर तो पुष्कळ जलद वाढतो. तळ्यांतला गाळ उन्हाळ्यांत काढणाऱ्यास वरचा गाळ अलीकडचा व खालचा जुना हें कोणी सांगावें लागत नाहीं. येथेंहि तोच नियम. जहाजावरून लांब पोकळ नळ तळांत उतरविला म्हणजे त्यांत गाळाचा उभा दंड जसाच्या तसा भरून येतो. तो उभा चिरतात, त्याचे सेंटिमीटराच्या मापानें तुकडे पाडतात, प्रत्येक तुकडा चाळणींत धुतात, आणि उरलेल्या वाळूसारख्या कणांतून सूक्ष्मदर्शकाखालीं बारीक कुंचल्यानें एकाच जातीचीं कवचें वेंचून काढतात. बियाणें निवडण्याहूनहि हें काम जिकिरीचें आहे.

कोणता थर किती जुना हें ठरविण्यास त्या कवचांतीलच कर्ब उपयोगी पडतो. कर्बाचा एक किरणोत्सर्गी प्रकार असा आहे कीं, तो दर ५,७३० वर्षांनीं निम्मा होतो; उरला किती हें मोजलें कीं वय निघतें. विलार्ड लिबी या अमेरिकन रसायनज्ञानें १९४९ च्या सुमारास ही रीत सिद्ध केली, आणि ती सुमारें पन्नास हजार वर्षांपर्यंत चालते. त्यापलीकडे दुसरे उपाय आहेत. त्यांचा विस्तार येथें करीत नाहीं.

आतां मुख्य गोष्टीकडे वळूं. खडू, संगमरवर, शिंपला, आपल्या काळ्या जमिनींत सांपडणारी चुनखडी, हे सारे रसायनशास्त्राच्या दृष्टीनें एकच पदार्थ: कॅल्शियम, कर्ब व प्राणवायु यांचा संयोग. मातीचा नमुना परीक्षेस नेला असतां परीक्षक त्यावर सौम्य आम्लाचे चार थेंब टाकतो व माती फसफसते, हें पुष्कळांनीं पाहिलें असेल. तो फसफसून बाहेर पडणारा वायु म्हणजे कार्बन डायऑक्साइड. प्राचीन समुद्राचा अभ्यास करणारा रसायनज्ञहि हेंच करतो. तो मूठभर माती घेत नाहीं, वेंचलेलीं थोडीं कवचें घेतो. त्यांवर तीव्र फॉस्फरिक आम्ल घालतो, आणि निघालेला वायु एका यंत्रांत सोडतो. हें यंत्र परमाणूंचें वजन करणारें आहे.

वजन कशासाठीं? तर प्राणवायूचे परमाणु सगळे एका वजनाचे नसतात म्हणून. बहुतेक सारे १६ वजनाचे असतात. परंतु दर पांचशांत सुमारें एक १८ वजनाचा निघतो. एकाच मूलद्रव्याच्या अशा निरनिराळ्या वजनांच्या परमाणूंना समस्थानिक म्हणतात. रासायनिक गुणांत दोन्ही जवळजवळ एकच. जड असतो तो किंचित् मंद, एवढाच भेद. हा भेद खळ्यावर उफणणी करणाऱ्यास चटकन् कळेल. वाऱ्यावर सूप धरलें असतां हलकें तें दूर जातें, जड तें पायाशीं पडतें. समुद्राच्या पाण्याची वाफ होतांना हलक्या प्राणवायूचें पाणी थोडें अधिक उडतें, जड थोडें मागें राहतें. पुढें त्या वाफेचे ढग होऊन पाऊस पडूं लागला म्हणजे जड पाणी आधीं पडतें, व ढग जसजसा आंत जाईल तसतसें उरलेलें पाणी अधिकाधिक हलकें होत जातें. म्हणून पावसाचें व नदीचें पाणी समुद्राच्या पाण्याहून हलकें असतें. आणि ध्रुवाकडे साठलेलें बर्फ तर फारच हलकें. हा फरक हजारांत थोडक्या भागांचा असतो, परंतु यंत्रास तो निश्चित कळतो. पुढील सर्व विवेचन याच एका गोष्टीवर उभें असल्यामुळें वाचकांनीं ती नीट ध्यानांत ठेवावी.

दुसरी गोष्ट उष्णतेची. पाण्यांत चुन्याचें कवच तयार होतांना पाणी जितकें थंड तितका जड प्राणवायु कवचांत अधिक शिरतो. हें गणितानें प्रथम दाखविलें हॅरोल्ड युरी यानें. जड हायड्रोजनाचा शोध यानेंच १९३१ सालीं लावला होता व त्याबद्दल १९३४ सालचें नोबेल पारितोषिक मिळविलें होतें. समस्थानिकांच्या वर्तनाविषयींचें त्याचें गणित १९४७ सालीं प्रसिद्ध झालें. त्यांतून असें निघालें कीं, पाणी सुमारें चार अंशांनीं थंड झालें तर कवचांतील जड प्राणवायु हजारीं एका भागानें वाढावा. म्हणजे शिंपला हा एक उष्णतामापक झाला. आणि तो असा कीं प्राणी मेल्यानंतरहि कोट्यवधि वर्षें आपला शेवटचा आंकडा दाखवीत राहतो.

युरी व त्याचे शिकागो येथील सहकारी यांनीं १९५१ सालीं या रीतीची जी पहिली मोठी परीक्षा प्रसिद्ध केली ती सांगण्यासारखी आहे. स्कॉटलंडच्या स्काय बेटांतला बेलेम्नाइट नांवाचा एक अश्मीभूत प्राणी त्यांनीं घेतला. हा माकुळाच्या जातीचा, ज्युरॅसिक युगांतला, म्हणजे चौदा कोटी वर्षांहून जुना. त्याच्या शरीरांत बंदुकीच्या गोळीच्या आकाराचा चुन्याचा दांडा असे, व तो झाडाच्या खोडाप्रमाणें थरांवर थर चढून वाढे. त्यांनीं मध्यापासून बाहेरपर्यंत एकेक थर खरवडून प्रत्येकाची परीक्षा केली. आंकडे एकदां वर, एकदां खालीं, पुन्हा वर असे क्रमानें आले: उन्हाळा, हिवाळा, उन्हाळा, हिवाळा. तो प्राणी सुमारें चार वर्षें जगला आणि वसंत ऋतूंत मेला, असा निष्कर्ष त्यांनीं काढला. ज्या समुद्राचा आज ठावठिकाणा नाहीं, त्याच्या पाण्याची सरासरी उष्णता १७.६ अंश निघाली.

याच शिकागोच्या प्रयोगशाळेनें आपलें माप म्हणून अमेरिकेंतील साउथ कॅरोलायना प्रांताच्या पीडी थरांतील एक बेलेम्नाइट निवडला, आणि सर्व जगाचे आंकडे त्याच्याशीं ताडून देण्याची चाल पडली. वांटून वांटून तो दगड केव्हांच संपला. आतां दुसरा नमुना वापरतात, पण मापाचें नांव तेंच राहिलें आहे. पायली गेली तरी पायलीचा हिशेब राहतो, तसलाच हा प्रकार.

खोल समुद्राच्या गाळांतील फोरॅमिनिफेरांवर हीच रीत चालविली ती चेझारे एमिलियानी या इटालियन शास्त्रज्ञानें. त्याचा निबंध १९५५ सालीं निघाला. गाळाच्या दंडांत खालून वर येतांना जड प्राणवायु वाढतो, कमी होतो, पुन्हा वाढतो; तेव्हां हिमयुगें तीनचारच झालीं हा जुना समज टिकणारा नाहीं, तीं पुष्कळ झालीं, असें त्यानें दाखविलें. चढउतार मात्र बहुतांशीं पाण्याच्या उष्णतेमुळेंच झाला, असें त्याचें मत होतें. येथें केंब्रिजच्या निकोलस शॅकल्टन यानें १९६७ सालीं एक मार्मिक शंका काढली. कांहीं फोरॅमिनिफेरा पृष्ठभागावर न राहतां थेट तळावर राहतात. तळाचें पाणी आजच गोठण्याच्या बेतास आलेलें आहे. तें आणखी पांचसहा अंश थंड कसें होणार? आणि तरी तळच्या कवचांतहि जवळजवळ तेवढाच चढउतार दिसतो. मग हा फरक पाण्याच्या थंडीचा नव्हे, खुद्द पाण्याच्या घटनेंतलाच असला पाहिजे. हिमयुगांत हलकें पाणी बर्फ होऊन जमिनीवर अडकून पडतें, आणि समुद्रांत जड पाणी शिल्लक राहतें. सुमारें वीस हजार वर्षांपूर्वीं समुद्राची पातळी आजच्याहून सुमारें १२० मीटर खालीं होती, व त्याचें पाणी हजारीं सुमारें एका भागानें जड होतें. आम्हांस हा युक्तिवाद फार आवडतो. नवें यंत्र नाहीं, नवा खर्च नाहीं. केवळ तळचें पाणी किती थंड होऊं शकेल, हा साधा प्रश्न नीट विचारला गेला.

पुढें १९७६ सालीं हेज, इम्ब्री व शॅकल्टन या तिघांनीं दक्षिण हिंदी महासागरांतील दोन दंड तपासून दाखविलें कीं, या चढउतारांत सुमारें एक लक्ष, बेचाळीस हजार व तेवीस हजार वर्षांचीं आवर्तनें आहेत. आणि पृथ्वीच्या कक्षेंत व आंसाच्या कलांत होणाऱ्या मंद फेरफारांचीं आवर्तनेंहि तींच आहेत. यांपैकीं तेवीस हजारांचें आवर्तन आपणांस विशेष महत्त्वाचें. आज पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ येते ती जानेवारीच्या आरंभीं, आपल्या ऐन थंडींत. दहाअकरा हजार वर्षांपूर्वीं ती उन्हाळ्यांत जवळ येत असे. त्यामुळें आशिया खंडाची जमीन अधिक तापे, आणि समुद्रावरून येणारा मोसमी वारा अधिक जोरकस असे. हें अनुमान झालें. त्यास पुरावा समुद्रतळानें दिला.

तो पुरावा अरबी समुद्राच्या पश्चिमेस, ओमानच्या किनाऱ्याजवळ मिळाला. नैर्ऋत्येचा मोसमी वारा जूनमध्यें सोमालिया व ओमान यांच्या किनाऱ्याला लागून वाहूं लागला कीं तो वरचें पाणी किनाऱ्यापासून दूर ढकलतो, आणि त्याच्या जागीं खालचें थंड पाणी वर येतें. हें पाणी फॉस्फेट-नायट्रेटांनीं भरलेलें असतें. खत मिळालेल्या शेताप्रमाणें समुद्राचा तो पट्टा सूक्ष्म जीवांनीं फुलून येतो, आणि ग्लोबिजेरिना बुलॉइडिस नांवाची एक जात तर अशा वेळींच उदंड होते. म्हणून ज्या थरांत या जातीचें प्रमाण अधिक, त्या काळीं वारा जोरकस, असें धरतात. खरगपूरच्या तंत्रविद्यालयांतील अनिलकुमार गुप्ता व त्यांचे दोन अमेरिकन सहकारी यांनीं २००३ सालीं ओमानच्या किनाऱ्यासमोरील एका दंडावरून गेल्या दहा हजार वर्षांचा हिशेब मांडला. आरंभीं वारा फार बळकट, पुढें सावकाश उतरता. आणि या उताराच्या मधूनमधून कित्येक शतकांचे दुबळे काळ, जे उत्तर अटलांटिकांतील थंडीच्या काळांशीं जुळतात. गणितानें जें सांगितलें तेंच कवचांनीं सांगितलें, आणि वर एक अधिक गोष्ट सांगितली: उतार सरळ नाहीं, पायऱ्यापायऱ्यांचा आहे.

परंतु वारा सुटला म्हणजे पाऊस पडलाच असें नाहीं, हें शेतकऱ्यास शिकवावयास नको. ओमानकडील कवचें वाऱ्याची साक्ष देतात. पावसाची साक्ष हवी तर जेथें पावसाचें पाणी समुद्रांत उतरतें तेथें गेलें पाहिजे. नदीचें पाणी हलकें असतें हें वर सांगितलेंच. तेव्हां नदीच्या मुखासमोर राहणाऱ्या जीवाच्या कवचांत ज्या काळीं प्राणवायु हलका, त्या काळीं नदीला पाणी पुष्कळ. जड, तेव्हां पाणी थोडें व समुद्र खारट. येथें एक अडचण येते. कवच हलकें झालें तें पाणी तापल्यामुळें कीं पूर आल्यामुळें, हें कसें ओळखावें? यासाठीं दुसरा साक्षीदार लागतो, तो मॅग्नेशियम. कवच बांधतांना कॅल्शियमाच्या जागीं थोडें मॅग्नेशियम चुकून शिरतें, आणि पाण्याची उष्णता एक अंशानें वाढली कीं त्याचें प्रमाण सुमारें नऊ टक्क्यांनीं वाढतें. त्यावरून उष्णता काढावी, ती प्राणवायूच्या हिशेबांतून वजा करावी, आणि उरेल तें पाण्याचें. गोव्यास दोना पावला येथें असलेल्या, १९६६ सालीं स्थापन झालेल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेंतील संशोधकांनीं आपल्या पश्चिम किनाऱ्यासमोरील दंडांवर हें दुहेरी काम केलें आहे. शेवटच्या हिमयुगाच्या भरांत तेथील समुद्र थंड व अधिक खारट होता, म्हणजे आपला पावसाळा दुबळा होता, असें त्यांतून दिसतें.

सिंधूच्या मुखाकडील दाखला प्रसिद्ध आहे. कराचीसमोर समुद्राच्या एका खोलीवर पाण्यांत विरघळलेला प्राणवायु जवळजवळ नसतोच. त्यामुळें तेथें किडे जगत नाहींत व गाळाचे थर वहीच्या पानांसारखे निराळे राहतात. मिखाएल श्टाउबवासर व त्याचे सहकारी यांनीं २००३ सालीं दाखविलें कीं, सुमारें ४,२०० वर्षांपूर्वीं तेथील कवचें एकाएकीं जड झालीं, म्हणजे सिंधूचें पाणी घटलें. मोहेंजोदडो व हडप्पा येथील शहरांचा ऱ्हास सुरू झाला तो याच सुमारास. पाणी घटलें म्हणूनच शहरें मोडलीं असें म्हणण्यास आम्ही धजत नाहीं. राज्यें व शहरें मोडण्यास अनेक कारणें एकत्र यावीं लागतात, आणि विद्वानांतहि या बाबतींत मतभेद आहेत. पण पाणी घटलें एवढें मात्र कवचांनीं सांगितलें आहे.

आतां आपल्या घरचा दाखला. गोदावरीच्या खोऱ्याचा जवळजवळ निम्मा भाग महाराष्ट्रांत आहे. त्र्यंबकेश्वरापासून निघालेलें पाणी नाशिक, अहिल्यानगर, संभाजीनगर, बीड, परभणी, नांदेड असें करीत बंगालच्या उपसागरास मिळतें, आणि या साऱ्या मुलुखाची काळी माती तेथें जाऊन बसते. या मुखासमोर २००६ सालीं भारत सरकारच्या वायुसंशोधनाच्या मोहिमेंत जॉइडीस रेझोल्यूशन नांवाच्या जहाजानें एक दंड काढला. हेतु समुद्रतळांतील ज्वलनशील वायु शोधण्याचा. परंतु त्या दंडांत गेल्या सुमारें दहा हजार वर्षांचा गाळ अखंड सांपडला, व तो कामिलो पाँटन, लिव्यू जोसान व त्यांचे सहकारी यांच्या हातीं गेला. त्यांचा निबंध २०१२ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांनीं दोन साक्षी घेतल्या. एक ग्लोबिजेरिनॉइडिस रुबर या तरंगत्या जातीच्या कवचांतील प्राणवायूची. दुसरी झाडांच्या पानांवरील मेणाची, जें मातीबरोबर वाहून गाळांत टिकून राहतें. वृक्ष, गहूं, हरभरा यांचे कर्ब घेण्याचे मार्ग एक, आणि ज्वारी, बाजरी व उष्ण माळावरील पुष्कळ गवतें यांचे दुसरे. त्यामुळें मेणांतील कर्बाच्या समस्थानिकांवरून खोऱ्यांत वनराई अधिक होती कीं कोरड्या माळाचीं गवतें, हें ओळखतां येतें.

उत्तर असें आलें. सुमारें ४,००० वर्षांपूर्वींपासून कोरड्या हवेंत तगणाऱ्या वनस्पति वाढत गेल्या, त्या १,७०० वर्षांपूर्वींपर्यंत. आणि तेव्हांपासून स्थिति तशीच राहिली आहे. कवचांचा पुरावा याहून बोलका आहे. गेल्या ३,००० वर्षांत, व विशेषतः १,७०० वर्षांपूर्वींपासून, मधूनमधून असे काळ आले कीं मुखासमोरील समुद्र त्यापूर्वींच्या हजारों वर्षांत झाला नव्हता इतका खारट झाला. म्हणजे पाऊस नुसता सरासरीनें घटला नाहीं. तो लहरी झाला. पारावरच्या वादास यांत उत्तर आहे. आपण ज्यास वाईट वर्षांची पाळी म्हणतों ती सतरा शतकें जुनी आहे, आणि आपल्या शेतीच्या साऱ्या चालीरीति, मिश्रपिकें, रब्बीवरील भिस्त, तळीं व बंधारे, याच लहरी पावसांत घडल्या. दक्षिणेंत तळ्यांचा झपाट्यानें प्रसार झाला तो कदाचित् या लहरीपणामुळेंच, असें त्या निबंधकारांनीं सुचविलें आहे. घोडनदीच्या कांठीं इनामगांव येथें डेक्कन कॉलेजानें १९६८ ते १९८३ पर्यंत उत्खनन केलें, तेथें तीन हजार वर्षांपूर्वींचा बांध व पाट सांपडला. आणि ती वस्ती पुढें कोरड्या हवेमुळें खालावली असें प्रा. म. के. ढवळीकर यांनीं तेव्हांच मांडलें होतें. इनामगांव भीमेच्या खोऱ्यांतलें, तेव्हां गोदावरीचा गाळ त्याची प्रत्यक्ष साक्ष देत नाहीं. पण शेजाऱ्याची साक्ष म्हणून ती मोलाची आहे. मेणाच्या पुराव्याबद्दल मात्र आमची एक शंका नमूद करतों. रान तोडून ज्वारी पेरली तरी मेणांत तोच फरक उमटावा. कवचांचा पुरावा माणसाच्या कुऱ्हाडीनें बदलत नाहीं, म्हणून आम्ही त्यास अधिक वजन देतों.

याच दंडावर २०१७ सालीं दुसरा निबंध निघाला, आणि त्यांतील गोष्ट शेतकऱ्यानें पावसाहूनहि अधिक मनावर घेण्यासारखी आहे. कवचांवरून थरांचीं वयें ठरलीं असल्यामुळें दर शतकांत किती माती येऊन पडली याचा हिशेब करतां आला. आणि मातीच्या रसायनावरून ती कोठची हेंहि कळलें. पाऊस घटला तर माती कमी वाहील, अशी आपली सहज समजूत असते. हिशेब उलटा निघाला. पावसाळा दुबळा होत गेला तसतशी दख्खनच्या पठारावरून वाहून जाणारी माती वाढत गेली. आणि शेतीचा, व पुढें लोखंडाच्या औतांच्या काळांत तिच्या विस्ताराचा, तीत भर पडला. कारण उघड आहे. हवा कोरडी झाली कीं जमिनीवरचें पांघरूण विरळ होतें. पाऊस थोडा पडला तरी पडतो तो सरींनीं, मृगाच्या आरंभीं, जेव्हां जमीन उघडी व भुसभुशीत असते. ज्यानें वळवाच्या एका सरींत बांध फुटलेला पाहिला आहे त्यास हें पटण्यास समुद्रांत जावें लागणार नाहीं. परंतु एका शेताची गोष्ट निराळी, आणि साऱ्या खोऱ्याची तीन हजार वर्षांची गोष्ट निराळी. समुद्राचा तो कांठ आपल्या मातीनें झपाट्यानें पुढें सरकला आहे. ती माती परत आणण्याचा मार्ग नाहीं.

या शास्त्राच्या मर्यादाहि सांगितल्या पाहिजेत. शेतांत जसे गांडूळ तसे समुद्रतळांतहि किडे माती वरखालीं करीत असतात. त्यामुळें कराचीसारखीं ठिकाणें सोडल्यास एकेका वर्षाचा हिशेब मिळत नाहीं, दशकांचा वा शतकांचा मिळतो. फार जुनीं कवचें जमिनींत मुरलेल्या पाण्यानें विरघळून पुन्हा घट्ट झालीं असतील तर तीं खोटी उष्णता सांगतात. म्हणून चांगला संशोधक प्रत्येक नमुना आधीं सूक्ष्मदर्शकाखालीं पारखून घेतो. प्रत्येक जातीची राहण्याची खोली व ऋतु निराळा. आणि यंदा रोहिणी बरसतील कीं कोरड्या जातील हें कोणतेंहि कवच सांगणार नाहीं. त्या बाबतींत कोणी कवचांचें नांव सांगून भाकित करूं लागला तर त्यास खुशाल परत पाठवावें.

पुढील काळाविषयीं थोडेंफार सांगतां येतें तें असें. २०१४ च्या अखेरीस व २०१५ च्या आरंभीं तेंच जहाज पुन्हा बंगालच्या उपसागरांत आलें. महानदीच्या मुखासमोर काढलेल्या दंडावरून स्टीव्हन क्लेमेन्स व इतरांनीं २०२१ सालीं गेल्या नऊ लक्ष वर्षांचा पावसाचा हिशेब मांडला. हवेंतील कार्बन डायऑक्साइड जेव्हां वाढला व ध्रुवांकडील बर्फ घटलें, तेव्हां आपल्याकडील पाऊस वाढला, असा तो हिशेब आहे. आज हा वायु दरवर्षीं वाढत आहे. तेव्हां एकंदर पाऊस वाढावा असें अनुमान निघतें, आणि गणितावरून भाकित करणारे शास्त्रज्ञहि तेंच सांगतात. परंतु वाढलेला पाऊस झिमझिम वाटून पडेल कीं चार दिवसांत कोसळून जाईल, हें दशकांच्या मापानें मोजणाऱ्या गाळांतून कळणें कठीण. २०१५ च्या उन्हाळ्यांत तेंच जहाज आपल्या पश्चिम किनाऱ्यासमोर लक्ष्मी खोऱ्यांत थांबलें होतें, व तेथें तळाखालीं हजार मीटरांहून खोल छिद्रें पाडून गाळ वर काढण्यांत आला; त्या मोहिमेचे एक प्रमुख गोव्याच्या ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्राचे धनंजय पांडे हे होते. या शेवटच्या दोन मोहिमांचे दंड जपान देशांत कोची शहरीं थंड कोठारांत नीट अनुक्रम लावून ठेवलेले आहेत, आणि त्यांतील पुष्कळ कवचें अद्याप कोणीं वेंचलेलीं नाहींत.